नवरी मोठी म्हणून एवढी चर्चा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. तो 31 चा, ती 42 ची, तिचा नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली, मुलगी आठवीत आहे. आपल्याकडे गोव्यात लग्न नोंदवताना दोनदा सही करावी लागते; दोघांची पहिली सही झाली, आणि दुसऱ्या सहीच्या आधी नोटीस लागते ना, त्या नोटिशीचा कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, दोघांच्या वयांभोवती लाल गोल केला आणि वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आमच्या आईने तो बघितला आणि ती दोन दिवस देवळात गेली नाही. म्हणून हे पत्र.

तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "चल्यापरस चली व्हड? कशें गे तें?" म्हणजे मुलापेक्षा मुलगी मोठी, असं कसं? मग पुढचं ठरलेलंच, मूल होणार का, ती लवकर म्हातारी दिसेल, याने काय बघितलं तिच्यात.

मला माझी आजी आठवते. 1945 साली पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, आजोबा 37 चे, बिजवर. बावीस वर्षांचं अंतर! कोणी लाल गोल केला नाही, उलट चांगलं घर मिळालं म्हणून तिच्या बापाचं कौतुक झालं. आजोबा गेले तेव्हा आजी 34 ची, पदरात चार मुलं. पुढची पन्नास वर्षं ती एकटीच राहिली, हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसायची, ते मी लहानपणी बघितलंय. वयाच्या अंतराचा हिशोब असा बाईलाच फेडायला लागायचा, पण तेव्हा त्याला कोणी अंतर म्हणत नव्हतं, रीत म्हणायचे. न्यायमूर्ती रानडे तर विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारे, तरी 1873 मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहामुळे 31 व्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. एवढ्या मोठ्या माणसाला जी रीत मोडता आली नाही ती आपल्या अंगात किती मुरली असेल.

आणि हे जुनंच नाही. तीन वर्षांमागे आमच्याच वाड्यावरची मुलगी वीस वर्षांची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, तिला 41 वर्षांच्या तारवटीला, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याला दिली. सगळे म्हणाले सेटल आहे, फ्लॅट आहे, पोरीचं नशीब. तिने मला विहिरीवर सांगितलं होतं की ताई मला परीक्षा द्यायची होती. मी तेव्हा गप्प बसले, त्याचं आजही वाईट वाटतं. मोठ्या अंतराला माझा सरसकट पाठिंबा नाही हे म्हणूनच स्पष्ट लिहिते, जिथे एकीकडे पैसा आणि अनुभव आणि दुसरीकडे कॉलेजमधली पोर, तिथे विचारायलाच हवं की तिला नाही म्हणायची सोय होती का. पण तिथे कोणी विचारत नाही, आणि 42 वर्षांची बाई, शाळेत शिकवते, घर चालवते, स्वतः विचार करून हो म्हणते, तिला सगळे विचारतात.

तिचा घरावर डोळा आहे असंही ऐकलं. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नानंतर संपत्ती साधारणपणे दोघांची, अर्धी अर्धी, म्हणून ही भीती. पण लग्नाआधी करार करून आपापलं वेगळं ठेवता येतं, आणि तो करूया असं तिनेच सुचवलं, पहिल्याच भेटीत, तिला तिच्या मुलीचंही बघायचंय. हे ग्रुपवर कोणी टाकलं नाही.

खरं तर देशाच्या कायद्यातच मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा, म्हणजे नवरा मोठा हे गृहीतच धरलंय. ते समान करायचं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. सचिन तेंडुलकरपेक्षा अंजली पाच वर्षांनी मोठी, 1995 मध्ये लग्न झालं, ते सगळे कौतुकाने सांगतात. मग आपल्या शेजारच्या घरात तेच झालं की का खटकतं?

माझा भाऊ तिला भेटल्यापासून बदललाय हे मी बहीण म्हणून बघते. दारू सुटली, संध्याकाळी त्या मुलीला गणित शिकवतो. तिच्या घरी तिची सासू, म्हणजे पहिल्या नवऱ्याची आई, या लग्नाला सगळ्यात आधी तयार झाली.

दुसरी सही येत्या मंगळवारी आहे. आई काल संध्याकाळी परत देवळात गेली, आणि येताना तिने होणाऱ्या सुनेला फोन करून विचारलं की साडी कुठल्या रंगाची घेऊ.

आपली वाचक,
डिचोली