पोवई नाक्यावरच्या सुभेदार काकांचे आभार

आमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीचे. ते गेले आणि आईची फॅमिली पेन्शन अडकली ती नावापायी. वडिलांना फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एका खिडकीवर तर 'ही तीच बाई कशावरून?' हेही ऐकून घेतलं. आई काही बोलली नाही, पदर सावरत राहिली.

साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडीची वाट बघताना भेटलेल्या सुभेदार काकांनी आमची कागदांची पिशवी मांडीवरच उपसली. प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहिरात, मग बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, असा क्रम त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिला. तो तुकडा अजून जपलाय. महिन्याला किमान 9000 रुपये पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. आम्हाला कुठलं ठाऊक!

सेवा केंद्रातल्या ताईंनी 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या वेबसाइटवर सगळे कागद चढवले. खुरप्यानं झिजलेला आईचा अंगठा उमटेना, तेव्हा चेहऱ्यावरून हयातीचा दाखला काढून दिला. चहासुद्धा घेतला नाही.

पेन्शन सुरू झाली. काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. आई म्हणते, तुम्ही अपशिंग्याची गाडी धरलीत. घरी या, तिनं तुमच्यासाठी घेवडा काढून ठेवलाय.