शिबिर आटोपल्यावर परत आलेल्या माणसांना

आदरणीय काका, लॅबवाल्या ताई आणि समाजसेवा करणाऱ्या क्लबमधली सगळी मंडळी,

सप्रेम जय भीम.

हे पत्र मी तुमच्या हातातही देऊ शकले असते. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण उत्तर नागपुरात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत आणि सिकलसेल या आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारात तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचावं असं मला मनापासून वाटतं. तुमची नावं लिहीत नाही. शाल-श्रीफळ आणि सत्कार तुम्ही टाळता, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्याकडे शिबिरं नवी नाहीत. डोळ्यांचं होतं, शुगर-बीपीचं होतं. सकाळी मंडप लागतो, संध्याकाळी उतरतो. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कितीतरी म्हाताऱ्या माणसांना चष्मा तिथेच मिळाला आहे. पण बोटातून रक्त घेऊन गेलेली माणसं पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन दारात उभी राहिली, असं आमच्या गल्लीत तुमच्याआधी कधी झालं नव्हतं.

तुमचं शिबिर सिकलसेलचं होतं. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत आहे. १९५०च्या दशकातच नागपूरच्या डॉक्टरांनी इथल्या लोकांत तो असल्याची नोंद केली होती. आणि तरी माझ्यासारखी शिकलेली बाई आपल्या लेकीचे हातपाय सुजतात, ती रात्र रात्र रडते, तर तो वात आहे असं समजून तेल चोळत बसली होती. एका दवाखान्यात आम्हाला वर्षानुवर्षं अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. रक्ताची ही साधी तपासणी तिथे कोणी सुचवली नाही. म्हणून विहाराच्या सभागृहात ताईंनी तिचं बोट टोचलं त्या दिवसाचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

शिबिरातली ती झटपट तपासणी फक्त रक्तात दोष आहे की नाही एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी लागते. पुष्कळ ठिकाणी काम पहिल्या पायरीवरच थांबतं. लोकांच्या हातात पॉझिटिव्ह लिहिलेली चिठ्ठी पडते आणि घर घाबरून जातं. तुम्ही मात्र ज्यांची ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्या प्रत्येकाचा नमुना पक्क्या तपासणीला पाठवला आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

ते रिपोर्ट तुम्ही कसे दिले, हे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझ्या मते तुमच्या सेवेचा गाभा तिथे आहे. तुम्ही माइकवरून नावं पुकारली नाहीत. विहाराच्या फळ्यावर यादी लावली नाही. बंद पाकीट, ज्याचं त्याच्या हातात, ज्याच्या त्याच्या घरात. आमच्या समाजात मुलीच्या रक्तात काही आहे अशी नुसती कुजबुज झाली तरी सोयरीक मोडते. मुलाच्या बाबतीत तीच गोष्ट कोणी विचारतही नाही. हे ओळखूनच तुम्ही पाकिटाचा नियम केला आणि वस्तीतल्या एका वजनदार माणसाने यादी मागितली तेव्हा काकांनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. त्या नकाराने किती मुलींचं भलं झालं, याची त्यांना स्वतःलाही कल्पना नसेल.

माझ्या घरी ताई आल्या तेव्हा लेकीचा रिपोर्ट एसएस होता, म्हणजे प्रत्यक्ष आजार. माझा आणि माझ्या मालकांचा एएस, म्हणजे आम्ही दोघं वाहक. तोवर सासरी सगळे हेच धरून चालले होते की पोरीचं दुखणं माझ्या माहेरचं आहे. ताईंनी सासूबाईंना समोर बसवलं आणि कागदावर चार गोल काढले. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि अगदी निर्दोष होण्याची २५ टक्के. मुलाला हा आजार व्हायला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून यावाच लागतो. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यानंतर आमच्या घरात माझ्या माहेराचा उद्धार झाला नाही. ताई, औषधाचे उपकार आहेतच, पण त्या चार गोलांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढचं सगळं तुम्ही शिकवलं. लेकीच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि म्हणून ती वेदना होते. चांगली पेशी साधारण १२० दिवस टिकते, हिची १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्त सारखं कमी पडतं. पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, फार दमली, की त्रास उसळतो. ताप हे घरी थांबून बघायचं दुखणं नव्हे, लगेच दवाखाना गाठायचा. हा त्रास कमी ठेवणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी. पहिल्या वेळी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, काका स्वतः आमच्यासोबत आले. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या ओपीडीत बसायचं, औषध कुठल्या खिडकीवर मिळतं, हे सगळं त्यांनी फिरून दाखवलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात गरीब माणूस आजाराइतकाच त्या गर्दीला भितो. त्या दिवसापासून मला तिथे एकटीने जायची भीती राहिली नाही.

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांनाच कठीण. पारा ४५च्या वर जातो, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागले की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सिकलसेलच्या लेकराला तर हा घाम आणि पाण्याची तूट थेट दवाखान्यात नेते. त्यात या मुलांच्या किडनीला लघवीतलं पाणी नीट राखता येत नाही, म्हणून त्यांना वारंवार बाथरूमला जावं लागतं. वर्गात सारखं उठून जाणाऱ्या मुलीवर बाई रागावतात आणि मग मुलगी पाणीच पिणं सोडते. हे माझ्या लेकीने मला नाही, तुमच्या क्लबमधल्या निवृत्त शिक्षिकेला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकांना सगळं समजावलं. बाकावर पाण्याची बाटली, विचारल्याशिवाय बाथरूमला जायची मुभा, उन्हातल्या कवायतीतून सूट. खर्च शून्य. आणि त्या वर्षी पोरीची शाळा किती कमी बुडाली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रक्तदानाचं तुमचं वेळापत्रक पाहून मी थक्क झाले होते. एकाच दिवशी मोठं शिबिर घेऊन आकडा गाठावा, असा बहुतेकांचा कल असतो. काकांनी मला समजावलं की नेहमीच्या पिशवीतलं रक्त ३५ दिवसच टिकतं. एका दिवशी सगळं गोळा झालं तर महिन्याभराने पुन्हा खडखडाट. म्हणून तुम्ही वर्षभर छोटी छोटी शिबिरं घेता. आणि मे महिन्यात, जेव्हा कॉलेजं बंद, पोरं गावाला आणि रक्तपेढ्या रिकाम्या, तेव्हा तुमचे सदस्य स्वतः ओळीने जाऊन रक्त देतात. माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन अचानक खूप खाली गेलं तो मे महिनाच होता. रक्त तयार होतं. ते कोणी दिलं, हे मला कधी कळणार नाही. त्या अनोळखी माणसाला या पत्रातून हात जोडते.

आणि कागदपत्रं! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचाही समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र निघतं, हे आमच्या गल्लीत एकालाही माहीत नव्हतं. तुमच्या तरुण पोरांनी शनिवारी-रविवारी विहारात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून दिले. सायबर कॅफेवाल्याला द्यायचे पैसे वाचले, त्याहून जास्त म्हणजे कोणी हाकललं नाही.

काका, एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की इतक्यांदा त्याच त्या घरी जायला कंटाळा येत नाही का. तुम्ही तेव्हा पोलिओच्या दिवसांबद्दल सांगितलं. रोटरीसारख्या क्लबांनी १९८५पासून जगभर पोलिओविरुद्धची मोहीम धरली, आपल्याकडे शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि मार्च २०१४मध्ये भारतासह आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. डोस सुटलेल्या घरावर खडूने खूण करायची आणि तिथे पुन्हा जायचं, दार बंद असलं तर आणखी एकदा जायचं, हे तुम्ही तरुणपणी त्याच कामात शिकलात. आता सरकारनेही १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचा, असं ते उद्दिष्ट आहे. मी काही मोठी जाणकार नाही, पण माझं मत ठाम आहे: नुसत्या तपासणीने हे होणार नाही. लग्नाआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही आपला रिपोर्ट एकमेकांना दाखवावा, इतकी हिंमत घराघरांत यावी लागेल. ती हिंमत पाकीट घेऊन दारात आलेल्या, चहाला बसलेल्या, चार गोल काढून दाखवणाऱ्या माणसामुळे येते.

माझ्या पुतण्याचं यंदा जमलं. मुलगी बघायला जायच्या आधीच त्याने स्वतःचा रिपोर्ट त्यांच्या घरी पाठवला. तो वाहक आहे, ती नाही, त्यामुळे त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी काही लपवलं नाही. हे लग्न तुमच्या कामाचं फळ आहे, म्हणून पहिली पत्रिका क्लबच्या पत्त्यावर येईल. सगळ्यांनी सहकुटुंब यायचं आहे, नकार चालणार नाही.

एक विनंती उरली आहे. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनी तुम्ही टेका नाक्याकडच्या वस्त्यांमध्ये तपासणी सुरू करणार आहात असं कळलं. त्यानंतर घरोघरी पाकिटं द्यायला माणसं लागतील. आमच्या बचत गटातल्या बाया तयार आहेत. गोपनीयता काय असते ते आम्ही सोसून शिकलो आहोत. चार गोल मलाही काढता येतात आणि सासवांशी कसं बोलावं तेही. फक्त त्याआधी ताईंनी एक रविवार आम्हाला द्यावा, म्हणजे तोंडून चुकीचं काही जाणार नाही. तारीख तुम्ही ठरवा, विहाराची किल्ली माझ्याकडे आहे.

तुमची ऋणी,
इंदोऱ्यातली एक आई