येझदी गेली, पुस्तकं येताहेत

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "पेपर वाचून झाला की हे ओसरीवर बसून राहतात, गाडी लावायच्या कोपऱ्याकडे बघत." दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये. मानेच्या दुखण्यामुळे गाडी बंद करावी लागली, ती विकलीत ते बरोबरच झालं. पण चाळीस वर्षं रोज सकाळी ज्या गाडीवरून फडकं फिरवलं, तिची जागा रिकामी बघणं किती जड जात असेल, हे मला कळतं. त्या येझदीचा तो एकच दांडा, मागे फिरवला की किक, पुढे आणला की गिअर, आठवीत असताना तुम्ही माझा पाय धरून शिकवला होतात. अजून पायाला आठवतो.

म्हणून पुस्तकांचं पार्सल पाठवतेय. सगळी गाडीवरच्या नाहीतर सायकलवरच्या लांब प्रवासांची. 'रारंग ढांग' तुम्ही किती वेळा वाचलंत ते मला ठाऊक आहे. उभ्या कड्यातून रस्ता कसा कोरतात ते तुम्ही जेवताना सांगायचात आणि आमटी गार व्हायची. त्याच ओढीने ही वाचाल, अशी खात्री आहे. इंग्रजी आहेत, पण तुम्ही आयटीआयमध्ये जन्मभर इंग्रजी मॅन्युअलं वाचलीत. मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा लावा आणि दिवसाला दहा पानं, एवढंच.

सुरुवात टेड सायमनच्या 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स'ने करा. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये हा ब्रिटिश पत्रकार ५०० सीसीची ट्रायम्फ घेऊन निघाला आणि चार वर्षांनी, पंचेचाळीस देश पालथे घालून घरी परतला. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारतही. ब्राझीलमध्ये पोलिसांनी त्याला हेर समजून कोठडीत टाकलं, तो भाग रात्री वाचू नका, झोप येणार नाही. मला तो आवडतो, कारण तो स्वतःची भीती लपवत नाही. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ मध्ये, तो त्याच वाटेने पुन्हा निघाला. त्या फेरीत पाय मोडला, तरी बरा होऊन त्याने प्रवास पुरा केला. बाबा, हे वाचून तुम्हीही निघा असं मी म्हणत नाहीये, डॉक्टरांचं ऐकायचंच आहे. पण त्या वयाचा माणूस रस्त्याकडे कसा बघतो, ते तुमच्याकडून ऐकायचंय मला.

दुसरं रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', १९७४ चं. १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. बाप आणि अकरा वर्षांचा मुलगा मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे मोटरसायकलवर निघालेत, एवढीच गोष्ट. मधे तत्त्वज्ञान खूप आहे. कंटाळा आला तर ती पानं सरळ उलटा, काही बिघडत नाही. पण दोन जागा सोडू नका. एकीकडे मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालंय आणि पर्सिग सुचवतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पॅकिंग घालू. मित्राला ते अपमानास्पद वाटतं! दुसरीकडे साइड कव्हरचा एक स्क्रू अडकतो आणि त्याची खाच झिजून जाते. पर्सिग म्हणतो, त्या क्षणी त्या क्षुल्लक स्क्रूची किंमत अख्ख्या गाडीएवढी होते. हे वाचताना मला तुम्हीच दिसलात: पावसात खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडलेली, मी छत्री धरून उभी, आणि तुम्ही अजिबात घाई न करता प्लग काढून काचकागदाने घासताय. "चिडलीस की पाना घसरतो," म्हणाला होतात. त्या माणसाला हीच गोष्ट सांगायला चारशे पानं लागली. एक सांगून ठेवते, नव्या आवृत्तीत शेवटी लेखकाची पुरवणी आहे, त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याबद्दल. ती फार दुःखद आहे. एकटे असताना वाचू नका, आईला जवळ बसवा.

'लोन रायडर' माझ्या आवडीचं. एल्स्पेथ बिअर्ड १९८२ मध्ये जुनी बीएमडब्ल्यू घेऊन निघाली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आर्किटेक्चर शिकत होती. सिडनीत नोकरी करून तिने पैसे जमवले आणि तिथेच ॲल्युमिनियमचा पत्रा कापून गाडीच्या पेट्या स्वतः बनवल्या. तुमच्या वर्कशॉपमध्ये ती पोरगी शोभली असती. चे गव्हेराची 'मोटरसायकल डायरीज' मुद्दाम टाकली नाही, त्यातली नॉर्टन चिलीतच दम तोडते आणि तुम्ही हळहळत बसाल. त्याऐवजी मुंबईच्या पारशी मुलांचं 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' टाकलंय. १९२३ मध्ये सहा जण सायकलवर निघाले, आणि त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ मध्ये जगाला फेरी मारून मुंबईत परतले.

आता आई, एक पुस्तक फक्त तुझं. डर्व्हला मर्फीचं 'फुल टिल्ट'. ही आयर्लंडची. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि ॲटलास मिळाला, तेव्हाच तिने ठरवलं, सायकलवरून भारतात जायचं. पण आई संधिवाताने जखडलेली, म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढची सोळा वर्षं आईच्या शुश्रूषेत गेली. आई-वडील दोघेही गेल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, युरोपातल्या भयंकर थंडीत, एकतिसाव्या वर्षी ती एकटी निघाली. पुढचे रस्ते वाईट असणार म्हणून सायकलचे गिअरच काढून टाकलेले. युगोस्लाव्हियात लांडगे अंगावर आले तेव्हा पिस्तूल चालवलं. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला पोचली.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तू चाळिशीची होतीस. नऊ वर्षं तू एक मुक्कामही बाहेर केला नाहीस. सहलीचं ठरवून रद्द केलेलं मी बघितलंय, आणि तेव्हा तू काही बोलली नाहीस तेही. मला हे पुस्तक वाचताना सारखी तुझी आठवण आली, म्हणून ते तुझ्याच हातात जायला हवं. इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो म्हणतेस ना, मग असं करू. दर रविवारी रात्री नऊला मी फोन करीन आणि त्यातली काही पानं मराठीत सांगत जाईन. फोन स्पीकरवर ठेव, बाबाही ऐकतील.

माझा शाळेतला ॲटलास माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यात युगोस्लाव्हिया अजून एकच देश आहे, म्हणजे आपल्याला अगदी सोयीचा. तो काढून ठेव, पण बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस, शेजारच्या मुलाला हाक मार. पार्सल शुक्रवारपर्यंत पोचेल. रविवारी डर्व्हला जिथून निघाली त्या डंकर्कपासून सुरुवात करू, फ्रान्सच्या वरच्या टोकाला सापडेल.

तुमची,
ताई