लेखकाचा दृष्टिकोन कसा ओळखावा: मित्रास पत्र

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एलसॅटच्या, म्हणजे कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेच्या, सरावात उताऱ्याचा मुख्य मुद्दा आणि त्यातील तपशील यांवरचे प्रश्न तुला सहज सुटतात, परंतु ‘लेखकाचा दृष्टिकोन कोणता’ असे विचारले की शेवटच्या दोन पर्यायांपाशी तू अडतोस, असे तू लिहिले आहेस. या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अशा उताऱ्यात अनेक जण बोलत असतात. जुने अभ्यासक असतात, त्यांचे विरोधक असतात, एखादी रूढ समजूत असते, आणि लेखक स्वतः मात्र थोड्याच वाक्यांत बोलतो. ‘असे मानले जाते’ किंवा ‘टीकाकारांचा आक्षेप असा की’ अशी सुरुवात असलेले वाक्य त्याने लिहिलेले असले, तरी ते त्याचे मत असतेच असे नाही. म्हणून पहिल्या वाचनातच प्रत्येक विधान कोणाचे आहे हे ठरव, आणि जी विधाने लेखक स्वतःच्या जबाबदारीवर करतो, तेवढ्यांवरच दृष्टिकोनाचा निर्णय सोपव. ‘दुर्दैवाने’, ‘तथाकथित’, ‘योग्यच’, ‘अतिरंजित’ असे शब्द वाक्याचा अर्थ फारसा पुढे नेत नाहीत, म्हणून घाईत ते नजरेतून निसटतात. पण लेखक प्रकट होतो तो नेमका तिथेच.

मीच रचलेला एक नमुना पाहा: “जुन्या हिशेबाच्या वह्या हा सामान्य माणसांच्या जीवनाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे, असे काही इतिहासकार म्हणतात. या वह्या मोलाच्या आहेत, आणि त्यांच्याकडे इतकी वर्षे झालेले दुर्लक्ष असमर्थनीय आहे. परंतु ज्यांच्यापाशी नोंदण्याजोगा व्यवहारच नव्हता, त्यांच्याविषयी त्या काहीही सांगत नाहीत.” पहिले वाक्य इतिहासकारांचे आहे, पुढची दोन लेखकाची. त्याला वह्यांचे मोल मान्य आहे, पण ‘सर्वांत विश्वासार्ह’ हा दावा त्याने उचललेला नाही. म्हणून ‘पूर्ण सहमती’ हा पर्याय बाद होतो, आणि ‘तिरस्कार’ तर त्याहून दूरचा आहे. ‘मर्यादित सहमती’ हेच उत्तर. आता लेखकाच्या या दोन वाक्यांतील मुद्दे उलट क्रमाने ठेवून पाहा: “ज्यांच्यापाशी व्यवहारच नव्हता त्यांच्याविषयी या वह्या काहीही सांगत नाहीत हे खरे, तरीही त्या मोलाच्या आहेत.” माहिती जवळपास तीच राहिली, परंतु लेखकाचा कल वह्यांच्या बाजूने अधिक झुकला. जे आधी मान्य करून टाकले जाते ते बहुधा सवलतीदाखल असते. ‘परंतु’ किंवा ‘तरीही’नंतर जे येते त्यावर लेखकाचा भर असतो. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तू सांगितलेल्या त्या दोन पर्यायांमधला फरक पुष्कळदा दिशेचा नसून मात्रेचा असतो.

पर्याय दोन शब्दांचा असेल, जसे ‘सावध आशावाद’ किंवा ‘खेदपूर्वक स्वीकार’, तर दोन्ही शब्दांना उताऱ्यात स्वतंत्र आधार शोध. आशावाद दिसतो पण सावधपणा कुठेच दिसत नाही, असे झाले तर तो पर्याय निम्मा खरा असूनही चूक आहे. टोकाचे शब्द केवळ टोकाचे म्हणून नाकारू नयेत, मात्र त्यांना तितक्याच तीव्र वाक्याचा आधार लागतो. ‘उदासीन’ आणि ‘तटस्थ’ यांतही गल्लत करू नकोस: दोन्ही बाजू समतोलपणे मांडणारा लेखक तटस्थ असतो, पण ज्या विषयात त्याने इतके बारकाईने लक्ष घातले त्याविषयी तो उदासीन असणे दुर्मिळ.

प्रश्न कशाविषयीच्या दृष्टिकोनाचा आहे, हेही नीट वाच. एखाद्या सिद्धांताविषयी लेखक साशंक असेल आणि तरीही त्या सिद्धांतावर तुटून पडणाऱ्या टीकाकारांवर नाराज असेल. तेव्हा टीकाकारांविषयी विचारले असताना सिद्धांताविषयीचे उत्तर नेमके सापळा म्हणून ठेवलेले असते. जून २००७ पासून त्या परीक्षेत दोन छोटे उतारे शेजारी ठेवून प्रश्न विचारले जातात. तिथे तर एका लेखकाला दुसऱ्याचे म्हणणे कितपत पटेल असेही विचारतात, आणि दोघांचे आवाज वेगळे राखल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

एक गोष्ट तुझ्या स्वभावाकडे पाहून लिहितो. तुला विषयाची ओढ लवकर लागते, आणि हा तुझा गुण मला फार प्रिय आहे. पण प्रिय विषयावरील उताऱ्यात आपलेच मत लेखकाच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. अशा वेळी उत्तर निवडण्यापूर्वी त्याला आधार देणाऱ्या वाक्यावर बोट ठेव. वाक्य सापडले नाही, तर ते मत तुझे असण्याचीच शक्यता अधिक. ३५ मिनिटांत उतारे आणि त्यांवरील प्रश्न यांचे चार संच सोडवायचे असल्याने प्रारंभी हे संथ वाटेल, म्हणून काही दिवस घड्याळ न लावताच सराव कर.

पुढच्या पत्रासोबत तुला अडलेला एखादा उतारा पाठव, आणि त्यातील जी वाक्ये लेखकाची स्वतःची वाटतात त्यांखाली रेघ ओढ. मी माझ्या प्रतीवर तसेच करून ठेवीन, म्हणजे आपल्या रेघा कुठे वेगळ्या पडतात ते पाहता येईल.

तुझा,
श्रीधर