बारला लायसन्स देण्याआधी शेजाऱ्यांनाही विचारा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेलं वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते, राहूनच जात होतं. परवा रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर सासूबाई खाटेवर बसलेल्या, एक हात भिंतीला टेकवलेला. मला म्हणाल्या, "गो, हात लावून बघ." लावला. शेजारच्या बारच्या स्पीकरने भिंत धडधडत होती. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, भिंती हातभर जाडीच्या, तरी त्यातून तो ठोका हाताला लागत होता, आणि कपाटातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत होते. गाणं कुठलं ते कळतही नाही हो, फक्त तो ठोका येतो, आणि तो कानापेक्षा छातीत जास्त बसतो. सासूबाईंचं वय 82, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि हे शुक्रवार शनिवार रविवार ठरलेलंच, सीझनला तर वार बघायचीही गरज नाही.

आम्ही गोव्यात पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका गावात राहतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही कारण मांद्रे, मोरजी, हरमल, आश्वे कुठेही जाऊन विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल, आणि बार्देशात हणजूण वागातोरच्या लोकांना तर आवाजासाठी थेट हायकोर्टात जावं लागलं.

आधीच एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. आम्ही दारूच्या विरोधात नाही. गोव्यात राहून बार नको म्हणणारी मी कोण? आमच्या तिठ्यावर मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून बार आहे, दोन बाकडी, एक फळी, काचेच्या बरणीत चणे, एप्रिल मेमध्ये हुर्राक (काजूची पहिल्या धारेची हलकी दारू) आणि बाकीचं वर्ष फेणी. मालक साडेनऊला फळ्या लावायचा. वाड्यावर कोणी वारलं तर त्या दिवशी रेडिओ बंद, सप्ता असला तर तो स्वतःच संध्याकाळी टाळ घेऊन देवळात हजर. कुणाचा नवरा जास्त प्यायला लागला की त्याची बायको येऊन सांगायची याला आता उधार देऊ नको, आणि तो देत नसे. त्याला गावातच राहायचं होतं, उद्या सकाळी त्याच माणसांची तोंडं बघायची होती. त्या बारबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं मला तरी आठवत नाही.

आता जे आलंय त्याचा मालक मी आजपर्यंत बघितलेला नाही. भाट म्हणजे माडांची बाग भाड्याने घेतली, आधी चार माडांखाली टेबलं टाकली, मग बांबूचा मंडप, मग स्टेज आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तसं आमच्या बाजूला हे सगळं फार झपाट्याने वाढलं. रस्ता आमचा असा की समोरून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर आला तरी स्कूटर बाजूला घ्यावी लागते, तिथे रात्री अकराला भाड्याच्या गाड्यांची रांग लागते, आमच्या गेटसमोर गाडी लावून माणूस आत जातो तो तीनला बाहेर येतो. मध्यरात्री सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी बाहेर कशी काढायची ते कुणीतरी मला सांगा. 2025 च्या डिसेंबरात हडफड्याला नाइटक्लबमध्ये आग लागून 25 माणसं गेली, तेव्हा पेपरातच वाचलं की वाट अरुंद म्हणून बंब लांब थांबवावे लागले. ते वाचून आमच्या वाड्यावर कुणालाच झोप आली नाही, कारण आमची वाट तशीच आहे आणि इथला मंडप बांबूचा आणि झावळांचा आहे.

आता मूळ मुद्दा. माझ्या दिराने माहिती हक्काखाली अर्ज करून फायलीच्या झेरॉक्स काढल्या. पंचायतीची एनओसी आहे, ती रेस्टॉरंटसाठी. अबकारी खात्याचं लायसन्स आहे. आरोग्य खात्याचा दाखला आहे. कागद सगळे आहेत, शिक्के आहेत, पण त्या अख्ख्या फायलीत शेजारी हा शब्द एकदाही नाही. लागून कोणाची घरं आहेत, किती अंतरावर, त्यात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, त्यांना कोणी विचारलं का, काही नाही. आम्हाला कळलं ते थेट स्पीकर वाजले तेव्हा.

मग तक्रार करायला गेलो. पंचायत म्हणाली आम्ही फक्त रेस्टॉरंटला एनओसी दिली, आवाजाचं आमच्याकडे नाही, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले परवानगी उपजिल्हाधिकाऱ्यांकडून असते, तरी फोन करा आम्ही बघतो. फोन केला की दहा मिनिटांनी आवाज खाली येतो आणि जीप वळली की परत वर. अबकारीवाले म्हणाले आमचं काम दारूपुरतं. प्रदूषण मंडळाला मेल पाठवला, आवाज मोजायला माणूस आला तो दुपारी चारला! चार वाजता तिथे झाडू मारत होते.

कायदा काय सांगतो ते मी आता पाठ केलंय. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, देशभर लागू. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा. राज्य सरकारला सणासमारंभासाठी बारापर्यंत सूट देता येते, पण वर्षाला 15 दिवसच. बंद हॉलला सवलत आहे, आणि हीच पळवाट, कारण इथे झावळांच्या मंडपाला तीन बाजूंनी ताडपत्री सोडली की तो म्हणे बंद हॉल झाला. ताडपत्रीने आवाज अडतो का? आणि समुद्राच्या अंगाला कासवं अंडी घालायला येतात, मोरजी आणि आश्व्याला वनखातं त्यांच्यासाठी काळोख आणि शांतता पाळायला सांगतं, ते योग्यच आहे, फक्त वाटतं की तेवढी काळजी आमच्या सासूबाईंचीही कुणीतरी करावी.

माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो, आपले गोव्यातले खूप लोक आहेत तिथे. त्याला हे सगळं फोनवर सांगत होते तर तो म्हणाला मावशी थांब, आणि दुसऱ्या दिवशी एक फोटो पाठवला. जवळच्या एका खेड्यातल्या पबच्या दारावर फिक्कट निळा कागद. तिथे 2003 चा लायसन्सचा कायदा आहे, पबला नवीन लायसन्स हवं असेल किंवा रात्री जास्त उशिरापर्यंत उघडं ठेवायचं असेल तर असा कागद रस्त्यावरून वाचता येईल असा 28 दिवस लावावाच लागतो, त्यावर काय मागितलंय, किती वाजेपर्यंत, हरकत कुठे आणि कधीपर्यंत पाठवायची सगळं लिहिलेलं. शेजाऱ्याने मुदतीत नीट कारण देऊन हरकत घेतली तर कौन्सिलची कमिटी दोघांना समोर बसवून ऐकते. निकाल देताना चारच गोष्टी बघायच्या, गुन्हे आणि दंगा, लोकांची सुरक्षा, शेजाऱ्यांना होणारा उपद्रव आणि मुलांचं रक्षण. मला सगळ्यात पटलं ते पुढचं, की लायसन्स मिळाल्यावरही त्रास झाला तर शेजारी त्या लायसन्सचा फेरविचार मागू शकतो आणि कमिटी वेळ कमी करू शकते, अटी घालू शकते, अगदी रद्दही करू शकते. तिथेही भांडणं होतात, भाचा म्हणाला सगळं आलबेल नाही, पण माणसाला आधी कळतं तरी आणि बोलायला एक जागा असते.

आपल्याकडे हे का होऊ नये? पंचायतीने एनओसी देण्याआधी जागेवर आणि पंचायत घराबाहेर मराठी कोकणीत नोटीस लावावी, लागून असलेल्या घरांना हातात कागद द्यावा, महिनाभर मुदत द्यावी, आणि नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षभराच्या तक्रारी त्याच फायलीत लावाव्यात म्हणजे अबकारीला आमच्याकडे काही आलं नाही असं म्हणता येणार नाही. आणि बार वेगळा, डीजे वेगळा. एकाच्या कागदावर दुसरा चालवू नये.

काही जण म्हणतात पोरांना काम मिळतंय, तुम्ही पोटावर पाय देताय. शेजारचा मुलगाच तिथे वेटर आहे, त्याच्या घरी त्या पगाराची गरज आहे हे मला माहीत आहे आणि हे लिहिताना त्याचाच चेहरा डोळ्यासमोर येतोय. पण दहाला स्पीकर बंद केला म्हणून जेवायला येणारी माणसं थांबतील असं मला वाटत नाही. त्याची आई मला म्हणाली, पोर पहाटे चारला येतं आणि त्याच आवाजामुळे मी तोवर जागीच असते.

आपल्या गोव्यात साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी होतात. येत्या ग्रामसभेत आमच्या वाड्यावरची अकरा घरं सह्या करून या मागणीचा ठराव मांडणार आहोत. आपण हे पत्र त्याआधी छापलंत तर पंचायत घरात वाचून दाखवता येईल, आणि किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांतही कुणी असा ठराव आणला तर बरं होईल. आमच्या मसुद्याची कॉपी हवी असेल त्यांना आम्ही देऊ.

आपली,
एक वाचक, पेडणे तालुका