होमस्कूलिंगच्या मेळाव्यात मुलं काय शिकतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, मुलांना मित्र कुठून मिळणार, चार माणसांत वागायचं कसं ते कुठे शिकणार? नातेवाइकांनी आम्हाला हे कितीदा विचारलंय. प्रश्न चुकीचा नाहीच आहे, मलाही तो पडतो, म्हणूनच गेल्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांच्या एका मेळाव्याला गेले आणि तिथे जे बघितलं ते लिहितेय.

पहिला तासभर ती माझा हात सोडेना. मग एका टेबलापाशी थांबली, तिथे तेराएक वर्षांच्या मुलाने पुठ्ठ्याचं सूर्यघड्याळ मांडलं होतं, मधोमध उभी काडी आणि तासातासाच्या रेघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणून रेघाही १५-१५ अंशांवर. हिने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि सरळ म्हणाली, अरे हे जुळत नाहीये. तो म्हणाला, "हो ना, सकाळपासून जुळत नाहीये, का ते मलाही कळत नाहीये." मोठा मुलगा लहान मुलीसमोर बिनधास्त 'कळत नाहीये' म्हणतोय आणि कोणाचे मार्क कापले जात नाहीयेत, हे बघूनच मला खूप बरं वाटलं.

मग दोघं टेबलाटेबलावर विचारत फिरली. नातवाबरोबर आलेल्या एका आजोबांनी सांगितलं की पुठ्ठा आडवा आणि काडी सरळ उभी ठेवली तर सावली तासाला सारखी सरकत नाही, काडी आपल्या अक्षांशाइतकी कलती करून ध्रुवाकडे रोखायची आणि पुठ्ठा तिला काटकोनात ठेवायचा, तरच १५ अंशांच्या रेघा चालतात. तसं केलं, फरक कमी झाला पण पूर्ण गेला नाही. तेव्हा आजोबा म्हणाले की घड्याळातली वेळ सगळ्या भागासाठी एकच ठरवलेली असते, सूर्य मात्र प्रत्येक रेखांशाला ४ मिनिटं पुढेमागे डोक्यावर येतो. हे मी घरी शिकवलं असतं तर दोन मिनिटांत जांभया आल्या असत्या, खरंच सांगते.

दुपारी हीच मुलगी एका पाच वर्षांच्या मुलाला ते घड्याळ समजावत होती. काडी कलती का, इथे अडली, परत विचारायला पळाली. लेव वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगून गेलेत की मुलाला एकट्याला जे जमत नाही ते जास्त येणाऱ्या सोबत्याबरोबर जमतं, आणि मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं त्यातही वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्रच असायची. एकाच वयाची तीस मुलं एका खोलीत बसवली की हे होणं अवघड जातं, आणि घरी एकटं मूल असेल तर तिथेही अवघडच, हे आपण होमस्कूलिंगवाल्यांनीही मान्य करायला हवं.

मैदानात खेळताना भांडण झालं. आम्ही आईबाबा उठलो तर एका अनुभवी ताईंनी थांबवलं, म्हणाल्या दहा मिनिटं बघा तर. मुलांनी स्वतःच ठरवलं, लहानग्यांना दोन चान्स जास्त आणि मोठ्यांनी डाव्या हाताने खेळायचं. एक मुलगा मात्र रुसून बसला तो शेवटपर्यंत आला नाही, सगळं छान छान झालं असं नाही म्हणणार मी.

आणि एका दिवसाने मैत्री होत नाही. तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा भेटली तरच होते, त्यामुळे वर्षातून एक मोठा मेळावा घेण्यापेक्षा महिन्याला दहा कुटुंबं भेटली तर मुलांना जास्त उपयोग होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

आयोजकांना एक कळकळीची विनंती. दुपारी सलग तीन भाषणं ठेवली होती, मुलं कंटाळून गेली आणि सूर्यघड्याळाभोवतीचा घोळकाही मोडला. भाषणं पालकांसाठी वेगळ्या खोलीत ठेवा, मुलांना निदान दोन तास मोकळे द्या, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही येऊ द्या. माझ्या मुलीच्या दोन मैत्रिणी शाळेत जातात, त्यांना ते घड्याळ दाखवायचं होतं तिला, पण प्रवेश फक्त होमस्कूलिंगच्या मुलांनाच होता.

आपली,
एक पालक