पिंजऱ्यात उंदीर सापडला होता का?

सातारा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नीलू,

परवा मंगळवारपासून चिन्मयची बारावी सुरू होतेय, घरात तुझी काय धांदल चालली असेल ते मला इथून दिसतंय, तरी आजच लिहायला बसलेय. फोन केला असता, पण फोनवर तू निम्मं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे ठेवून "हो गं, नाही गं" करतेस. मला हवंय ते नीट आठवून, सावकाश, लिहून. आमचं सगळ्यांचं बरं आहे. आक्काचा गुडघा आहे तसाच, प्रकाशची शुगर ताब्यात, ऋता मजेत. झाली खुशाली.

आता विचारायचं ते. कराडच्या होस्टेलवर तू माझ्या कॉटखाली उंदराचा पिंजरा लावला होतास. मेसच्या कांदाभजीचा तुकडा आत अडकवून. रात्री लाकूड कुरतडल्याचा आवाज येतो म्हणून तू आधी वॉचमनमामांना वर बोलावलंस, मग कपाट ओढलंस, मग माझी ट्रंक उपसलीस (त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, माझी निळी ओढणी तेव्हाच गेली), आणि शेवटी पिंजरा आणलास. त्याच आठवड्यात दादांचं ते सगळं झालं आणि मी शिरवळला गेले. परत आले तेव्हा पिंजरा दिसला नाही, आणि त्या दिवसांत उंदराबद्दल बोलायचं सुचणार तरी कुणाला? तर सांग, सापडला होता का उंदीर?

हस हवं तर, पण उत्तर दे. माझं बरंच काही त्यावर अडलंय.

झालं असं की संक्रांतीनंतर एका सकाळी थालीपीठ खात होते. लोणी घातलेलं, मऊसूत. दाताखाली खडा आला म्हणून बोटानं काढला, तर खडा नव्हता, माझ्याच दाढेचा तुकडा होता. एक बाजू पांढरी, काचेसारखी तुळतुळीत, आणि आतून पिवळट. दुखलं काहीच नाही, पण थंड पाण्याचा घोट घेतला आणि कळ थेट कानापर्यंत गेली. सुपारी फोडताना, चिक्की खाताना दाढ गेली असती तर समजू शकलं असतं. थालीपीठानं?

पोवई नाक्याजवळच्या डेंटिस्टकडे गेले. आपल्यापेक्षा बरीच लहान मुलगी आहे, पण घाई नाही, नीट समजावते. तिनं छोटा कॅमेरा तोंडात घालून समोरच्या पडद्यावर मला माझंच तोंड दाखवलं. गालाच्या आतून, दात मिटतात त्या ओळीत, एक पांढरी उंच रेघ. जिभेच्या कडेला दातांचे ठसे. आणि सुळे! सुळ्यांना टोकंच नाहीत गं, कानशीनं घासल्यासारखे सपाट. मग जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून म्हणाली, "आवळा." आवळल्यावर तिथला स्नायू असा टरारून उठला की माझा मलाच हाताला लागला. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात का, विचारलं. दुखतात, कित्येक वर्षं. कधी चष्म्याच्या नंबरावर घातलं, कधी पित्तावर. ती म्हणाली, "तुम्ही झोपेत दात खाता. दाढ आज फुटली, पण तडा आधीच गेलेला होता. कधीपासून खाता?"

आणि मला सांगता येईना. प्रकाशला विचारलं तर तो म्हणाला, साधारण वर्षभर ऐकतोय. त्याच्या मोबाईलमध्ये आवाजच भरून ठेवलेला निघाला. मला वाईट वाटेल म्हणून ऐकवला नव्हता. स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकला. मध्येच पूर्ण शांत, मग अचानक सुरू, चार-पाच वेळा करकर, पुन्हा शांत. तो आवाज आपल्या तोंडातून निघतो यावर विश्वास बसत नाही. पण प्रकाशची साक्ष अपुरी आहे. इतकी वर्षं तो रत्नागिरीला बदलीवर, शनिवार-रविवारचा पाहुणा. वर्षभर ऐकतोय, कारण वर्षभरच इथे आहे.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललेय. ती गोळी.

तू हाताला धरून ज्यांच्याकडे नेलंस त्या डॉक्टरांचीच गोळी अजून चालू आहे, एस्सिटालोप्रॅम, नैराश्यावरची, रोज सकाळी एक. डेंटिस्टनं कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं, मी सांगितलं, आणि ती जरा थांबली. म्हणाली, या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना दात खायला लागतं, किंवा आधी असलेलं वाढतं. सगळ्यांना नाही, काहींना. हे प्रकाशच्या कानावर गेलं आणि त्यानं धरून ठेवलं: मग गोळी बंद कर. तो प्रेमानंच म्हणतोय, त्यालाही ती गोळी मनातून कधी पटलेली नव्हतीच. पण नीलू, त्या गोळीच्या आधीचं वर्ष तू बघितलंयस. मी आंघोळ न करता दुपारपर्यंत बसून असायचे, ऋताचा डबा आक्का करायची. आता मी सकाळी उठते, चहा टाकते, बँकेत जाते, संध्याकाळी भाजी निवडताना गाणं ऐकते. हे मला दाढेच्या बदल्यात द्यायचं नाही. एक दाढच काय, बत्तीसच्या बत्तीस दात गेले तरी.

त्या डॉक्टरांना फोन केला. ते पहिलं हेच म्हणाले की मनानं बंद करू नका, एकदम सोडली तर चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो. २० तारखेला बोलावलंय. गोळीमुळे असेल तर साधारणपणे ती सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत दिसायला लागतं, आणि त्यावर उपाय आहेत: डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, जोडीला दुसरं औषध देता येतं. पण आधीपासून असेल तर हिशोब वेगळा. "जुना साक्षीदार कुणी आहे का?" असं त्यांनी विचारलं. माझा जुना साक्षीदार नागपुरात बसलाय, आणि त्याच्या मुलाची बारावी आहे.

दोन्ही खरं असू शकतं, असंही ते म्हणाले. तेव्हाही खात असेन आणि आता जास्त खात असेन. म्हणून नुसतं हो की नाही नको. उंदीर नव्हताच, तर तो कुरतडल्याचा आवाज माझ्या दातांचाच असेल ना? रोज यायचा का? पहाटे की झोपल्या झोपल्या? परीक्षेच्या दिवसांत जास्त? दुसऱ्या वर्षाला भांडताना तू मला "रात्रभर दात खातेस" म्हणाली होतीस आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू ते चिडून म्हणालीस की ऐकून म्हणालीस, हेही लिही. आणि गॅदरिंगचा तो फोटो शोध, नऊवारीतला, मी तोंड उघडून हसतेय तो. माझ्याकडची प्रत घर बदलताना गेली. त्यात सुळे दिसतात का बघ, टोकदार आहेत की सपाट. झीज किती जुनी हे नुसतं दाताकडे बघून सांगता येत नाही म्हणे. जुना फोटो असला तर ताडून बघता येतं.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.

घरात सध्या सगळे वैद्य झालेत. सासूबाईंचं निदान ठरलेलं: पोटात जंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला वावडिंगाचं पाणी मिळतंय! ऋता लहानपणी दात खायची तेव्हाही त्यांनी तेच पाजलं होतं आणि तिचं थांबलं, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावा आहे. डेंटिस्ट म्हणाली, लहान मुलं पुष्कळदा खातात आणि वाढता वाढता सोडतात, जंतांचा संबंध नाही. पण घराण्यात चालत येऊ शकतं. तेव्हापासून दादांचे झिजून बारीक झालेले दात आठवताहेत सारखे.

आता गार्डबद्दल, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं ते प्लास्टिकचं कवच, कारण तुझ्या शुभांगीवन्संपण दात खातात असं तू मागे म्हणाली होतीस, तिलाही उपयोग होईल. ऑफिसातल्या अमोलनं मला घाईघाईनं ऑनलाइन एक मागवून दिलं. गरम पाण्यात मऊ करायचं, तोंडात घालून चावायचं, की दातांचा आकार घेतं. स्वस्त आहे. पण जाड इतकं की ओठ मिटत नाहीत, उशी लाळेनं ओली, आणि सकाळी ते तोंडात नाही, पांघरुणात सापडायचं. डेंटिस्ट म्हणाली, तात्पुरतं ठीक, पण कायमचं हे नको. सैल बसतं, आणि जोरात खाणारे त्याला भोकं पाडतात.

मग तिनं तिच्याकडचे नमुने माझ्या हातावर ठेवले. एक मऊ, रबरासारखं लवचीक. हातात घेतल्यावर तेच घ्यावंसं वाटतं. पण मऊ लागलं की काही जण झोपेत ते चघळायलाच लागतात. १९८७ मध्ये ओकेसन नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं दहा जणांवर दोन्ही प्रकार लावून स्नायूंची हालचाल मोजली होती. कडक गार्डनं आठ जणांची कमी झाली, मऊनं पाच जणांची उलट वाढली. दहाच माणसं, म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण माझ्यासारख्या जोरात खाणाऱ्यांना ती मऊ देत नाही. दुसरं कडक अ‍ॅक्रिलिकचं, पारदर्शक, वरच्या सगळ्या दातांवर बसणारं, खालून सपाट. तिसरं आतून मऊ, बाहेरून कडक. आणि एक अगदी छोटं, फक्त पुढच्या दातांपुरतं. ते बघून मी हरखले, तर तिनं लगेच बाजूला ठेवलं: मागच्या दाढांना टेकायला काही मिळालं नाही तर हळूहळू चावाच बदलू शकतो, शिवाय इतकी लहान वस्तू झोपेत घशात जाण्याची भीती.

मी कडक ठरवलंय. पण ते लगेच नाही. आधी दाढेला कॅप, मग माप. गार्ड आधी केलं आणि कॅप नंतर बसवली तर दाढेचा आकार बदलतो आणि गार्ड बसत नाही. हे तिनं आपणहून सांगितलं म्हणून मला ती आवडली. दुसरीकडे एका ठिकाणी त्याच दिवशी दोन्हींचे पैसे भरायला सांगत होते. गार्ड आलं की एकदा बसवून काम संपत नाही. निळा कागद चावायला देतात, जिथे जास्त निळं उमटतं तिथे घासतात, दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्या टेकेपर्यंत. शुभांगीला सांग, हे न करता कुणी नुसतं हातात डबी दिली तर घेऊ नकोस. धुवायचं साध्या पाण्यानं, गरम नको, वाकडं होतं. आणि टूथपेस्टनं घासायचं नाही, चरे पडतात.

आणि हो, ती घोरते का? माझ्याबाबत पहिल्यांदा तेच विचारलं. खूप घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग असं असेल तर आधी झोपेची तपासणी, कारण वरच्या दातांचं गार्ड घालून काहींचा श्वासाचा त्रास वाढतो. मी घोरत नाही. प्रकाशचा मोबाईल साक्षीला आहे.

मला लागलेली गोष्ट मात्र वेगळीच. मी विचारलं, गार्ड घातलं की थांबेल ना? ती म्हणाली, "नाही. दात वाचतील. खाणं थांबेल असं मी सांगणार नाही." झोपेत मेंदू जरासा जागा होतो, त्या वेळी जबडा चालतो, प्लास्टिक त्याला अडवत नाही. संध्याकाळनंतरची कॉफी सोडा, झोपायच्या आधी जबड्याला गरम फडक्यानं शेका, आणि दिवसा लक्ष ठेवा. दिवसा ओठ मिटलेले असले तरी दात सुटे असायला हवेत, तू आत्ता बघ तुझे आहेत का. माझे नसतात. काउंटरवर गर्दी झाली की आवळलेलेच. म्हणून कॉम्प्युटरच्या कडेला एक लाल टिकली चिकटवलीय, ती दिसली की दात सोडायचे. मॅनेजरना वाटलं देवाचं काही आहे, त्यांनी हात जोडले.

२० तारखेच्या आत मला उत्तर हवंय. शनिवारी चिन्मय झोपला की अर्धा तास बस. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंस तरी चालेल, फक्त एका ओळीत नको. डॉक्टरांना दाखवणार आहे, तेव्हा माझ्याबद्दल काय वाट्टेल ते लिही, प्रकाशबद्दल जपून.

चिन्मयला सांग, फिजिक्सच्या पेपरला आधी येतं ते सोडव. त्याला ओरडू नकोस. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं? एप्रिलमध्ये असेल तर मी रजा काढून येते, तुला एकटीला जमणार नाही. सुधीररावांना नमस्कार. फोटो सापडला तर मूळ प्रत पोस्टानं पाठवू नकोस, मोबाईलवरच काढून पाठव, उजेडात, सुळे दिसतील असा.

तुझी,
वैशू